शेवटची ओळ आधी वाच

भाव करताना पहिला आकडा आपण बोलायचा नाही, हे मला आईने शिकवलं. ती दिंडोशीला वसाहतीच्या नाक्यावर भाजी घेऊन बसायची. गिऱ्हाईक "कशी दिली?" म्हणालं की ती मेथीची जुडी त्याच्या हातात द्यायची आणि म्हणायची, "आधी बघ तरी." एकदा हातात घेतलेली जुडी माणूस सहसा खाली ठेवत नाही. मी तिच्या शेजारी गोणपाटावर बसून गृहपाठ करायची. पुढे शिकले, शिक्षिका झाले, बोरिवलीच्या शाळेत लागले, पण खरं सांगायचं तर आजही तेच करते. वाचता न येणारं मूल कुणाच्या तरी हातात द्यायचं आणि म्हणायचं, आधी बघ तरी.

शाळेत माझा वर्ग जिन्याखाली आहे. तिथे पूर्वी खेळाचं सामान असायचं. ते अजूनही आहे. एका भिंतीला लेझीम टांगलेल्या, कोपऱ्यात गणपतीच्या मखराच्या थर्माकोलच्या कमानी, आणि मधे मी, एक टेबल, चार खुर्च्या. मधल्या सुट्टीत मुलं जिन्यावरून धावली की सगळ्या लेझीम आपोआप वाजतात. नव्या मुलाला मी आधीच सांगून ठेवते, "घाबरू नकोस, वर रेडे चाललेत."

ही खोली आणि ही नोकरी मला कशी मिळाली हेही सांगते, कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही. तेरा वर्षांपूर्वी या शाळेत एक कायम जागा निघाली होती. ऑफिसबाहेरच्या बाकावर आम्ही दोघी शेवटपर्यंत उरलो. माझी मुलाखत चांगली झाली, तिचे मामा संस्थेच्या समितीवर होते. तिला जागा मिळाली. मला सांगितलं, कंत्राटावर या, पुढे बघू. ते 'पुढे' अजून आलेलं नाही. मी रविवारी सांताक्रूझला जाऊन, मुलं वाचायला का अडखळतात आणि त्यांना कसं शिकवायचं, याचा कोर्स केला. परत येऊन म्हटलं, सगळ्या वर्गांतली न वाचणारी मुलं मला द्या. दिली. नको असलेली वस्तू द्यायला कुणाचं काय जातं? दर जूनमध्ये मी कायम करण्याचा अर्ज देते, तो ऑगस्टमध्ये समितीपुढे जातो, आणि 'विचाराधीन' असा शेरा घेऊन परत येतो. बारा शेरे माझ्याकडे फाइलला लावलेले आहेत. आणि बाकावर माझ्या शेजारी बसलेली ती आज आमची मुख्याध्यापिका आहे. सगळे तिला मोठ्या बाई म्हणतात. मीही म्हणते. दर वेळी जीभ जराशी भाजते.

यंदा जुलैच्या सुरुवातीला मोठ्या बाईंनी मला बोलावलं. शाळेच्या फाटकावर नवा फलक लागला होता, 'आमच्या शाळेतले प्रत्येक मूल वाचते'. मी तो बघून मनात म्हटलं होतं, वा, मला कुणी विचारलं नाही ते.

"मॅडम, तिसरीतली ती मुलगी," बाई म्हणाल्या. "वर्षभर तुमच्याकडे येतेय. वर्गात एक ओळ वाचत नाही. तिच्या आईला सांगून दाखला घ्यायला लावू या. दुसऱ्या एखाद्या शाळेत तिला झेपेल."

"फलक खोटा पडतोय म्हणून?"

"तुम्ही प्रत्येक गोष्टीत तेच शोधता."

मुलगी मला ठाऊक होती. आठ वर्षांची, दोन घट्ट वेण्या, एक दात पडलेला. डोळे तपासून घेतले होते, कान तपासून घेतले होते, आणि डोकं तर आम्हा दोघींना पुरून उरेल असं. त्यांच्या चाळीत कोण कुणाशी का बोलत नाही हे ती तुम्हाला मजल्यावार सांगेल. फक्त अक्षर तिच्याकडे थांबायचं नाही. काल ओळख करून दिलेलं 'घ' आज समोर आलं तर ती त्याच्याकडे अशी बघायची, जसं लग्नात कुणी म्हणतं 'ओळखलंस का मला?' आणि आपण नुसतं हसतो. याला डिस्लेक्सिया म्हणतात. यात मूल आळशी नसतं, मंद नसतं. बाकीची मुलं जी वाट आपोआप चालतात तिच्यावर याला एकेक फरशी बसवून द्यावी लागते. वेळ लागतो. आणि वेळ ही गोष्ट शाळेत कधीच शिल्लक नसते.

दाखला म्हणजे काय ते मी पाहिलेलं आहे. असं मूल एका शाळेतून दुसरीत जातं, तिथून तिसरीत, आणि मग कुठेच जात नाही.

"वर्ष राहू दे," मी म्हटलं.

"महिना."

"दिवाळीपर्यंत."

"मॅडम, महिना म्हणाले ना! ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात तिला माझ्यापुढे बसवा. वाचली तर राहील."

मी घेतला महिना. वर्ष मागून महिना मिळाला म्हणजे माझी आई हसली असती. पण मी चिडलेली होते, आणि चिडलेल्या माणसाने बाजारात जाऊ नये.

त्या महिन्यात जे झालं ते मला आजही लिहायला जड जातं. मुलगी सुधारू लागली. पुस्तकातला चौथा धडा, कोंबडीच्या पिल्लाचा, तिने दुसऱ्या आठवड्यात अर्धा वाचला. तिसऱ्यात पूर्ण. बोट ओळीवर ठेवून, स्वल्पविरामाला थांबून, पिल्लू हरवतं तिथे आवाज बारीक करून. मी जिन्याखाली बसून ऐकत होते आणि डोळ्यांसमोर मुलगी नव्हतीच. मोठ्या बाईंचं तोंड होतं.

आमच्या कामात एक साधा नियम आहे. मूल वाचतंय असं वाटलं की त्याला अर्थ नसलेले शब्द द्यायचे. टुमकी. गाबळ. फिचोर. हे शब्द जगात कुठेच नाहीत, त्यामुळे आठवणीतून म्हणता येत नाहीत, अक्षरं जोडूनच वाचावे लागतात. असे शब्द लिहिलेल्या पत्त्यांचा गठ्ठा माझ्या खणात कायम असतो. त्या महिन्यात मी तो बाहेर काढला नाही. आणि दुसरं त्याहून वाईट. एका दुपारी मी बघितलं की तिचं बोट ओळीच्या शेवटाला पोचलंय आणि आवाज अजून ओळीच्या मध्यावर आहे. मी ते बघितलं. मला त्याचा अर्थ कळला. आणि मी दुसरीकडे बघितलं.

ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात तिला घेऊन ऑफिसात गेले. तिची आईही आली होती. मूळची मालवणकडची, पोळीभाजी केंद्रात पोळ्या लाटते. ती दारातच उभी राहिली, पदर बोटाला गुंडाळत. मुलीने धडा उघडला आणि सुरू केलं. एकही चूक नाही. मी खुर्चीत जरा मागे रेलले.

बाईंनी पूर्ण ऐकलं. मग पुस्तक स्वतःकडे ओढलं, धड्याचं पहिलं पान उघडलं आणि परत तिच्यापुढे सरकवलं.

"छान. आता याच पानावरची शेवटची ओळ आधी वाच."

मुलीने बोट शेवटच्या ओळीवर ठेवलं आणि म्हणाली, "एक होती कोंबडी."

"ती पहिली झाली. शेवटची."

बोट तिथेच. ओठ हलत होते, मनातल्या मनात पहिल्यापासून म्हणत ती शेवटाकडे पळत होती. पण पान कुठे संपतं हे कानाला कसं कळणार? मध्येच तिचा धागा तुटला. तिने माझ्याकडे बघितलं. मग फ्रॉकची कड तोंडात धरली.

"पाठ आहे," बाई म्हणाल्या, आवाज न चढवता. "वर्षभर हेच करताय ना, मॅडम?"

मी कुणाचं कौतुक सहजी करत नाही, पण त्या एका प्रश्नाचं करावं लागेल. तो प्रश्न मी विचारायला हवा होता. तेरा वर्षं मी सगळ्यांना सांगत फिरले की बाकावरच्या दोघींत शिकवायला कुणाला येतं ते मला ठाऊक आहे. आणि त्या दिवशी तिने माझं काम माझ्यापेक्षा चोख केलं.

जिन्याखाली आल्यावर मी मुलीवर ओरडले. फार मोठ्याने. "फसवलंस मला? रोज बसून फसवलंस?" टेबलावर हात आपटला तर भिंतीवरच्या लेझीम वाजल्या.

ती रडली नाही. म्हणाली, "टीचर, तुम्ही वाच म्हणालात की माझं पोट दुखतं. म्हणून दाखवलं की नाही दुखत. आणि तुम्ही पण खूश होता."

तिची आई मागे उभी होती. मी तिच्याकडे वळले. "तुम्ही पाठ करून घेतलंत?"

"होय तर." ती जराही घाबरली नाही. "मी पोळ्ये लाटतंय आणि धडो मोठ्यान वाचतंय. दोनदा आयकला की तिका येता. मी काय तिका चोरी शिकवलंय, टीचर? वाचूक येत नाय, आयकूक येता. मगे जा येता ताच देतलंय मा?"

तिने दिवसभर उभं राहून, पीठ मळता मळता, मला जमलं नाही ते तिच्या पद्धतीने करून पाहिलं होतं. चूक तिची नव्हती. पत्त्यांचा गठ्ठा माझ्या खणात होता.

"माझ्या चेडवाक शाळेतसून काढू नका हो," ती मग म्हणाली, आणि तेव्हा मात्र तिचा आवाज फुटला.

मी तिला म्हटलं, "घरी जा. दाखल्याचा अर्ज कुणी पुढे केला तर सही करू नका. पेन हरवलं म्हणा. हात भाजला म्हणा."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पुन्हा ऑफिसात गेले. या वेळी चिडून नाही. रात्री अंथरुणावर पडून मी हिशेब केला होता की माझ्याकडे असं काय आहे जे बाईला हवंय. एकच गोष्ट निघाली. तिचे मामा आता समितीचे अध्यक्ष होते. माझा अर्ज दर ऑगस्टला समितीपुढे आला की ते बाकावरचं प्रकरण कुणीतरी हळूच उकरायचं. बाईंना त्या दिवशी जेवण जात नाही, असं शिपाईकाकांनी मला एकदा सांगितलं होतं, आणि मी त्यावर चार दिवस खूश होते.

"बोला," बाई म्हणाल्या.

मी काहीच बोलले नाही. पहिला आकडा आपण बोलायचा नाही.

"मॅडम, मला वेळ नाहीये. मुलीचं म्हणाल तर ते संपलंय. आणि तुमचा नेहमीचा अर्ज आलाय, तो गुरुवारच्या बैठकीला पाठवतेय."

"तो मी मागे घेते."

त्यांनी चष्मा काढला.

"या वर्षी अर्ज नाही," मी म्हटलं. "बैठकीत माझा विषयच नाही. त्याबदल्यात मुलगी दिवाळीच्या सुट्टीपर्यंत माझ्याकडे. रोज तास. मधल्या सुट्टीत नाही, शाळेच्या वेळेत. सुट्टी लागायच्या आदल्या दिवशी तुम्ही तिला वाचायला बसवायचं. काय वाचायचं ते तुम्ही ठरवा. मला आधी दाखवू नका."

"आणि नाही वाचली तर?"

"तर मी स्वतः तिच्या आईबरोबर जाऊन दुसरी शाळा शोधीन. आणि तुमच्या फलकाबद्दल एक शब्द बोलणार नाही."

"तेरा वर्षांत तुम्ही काही मागे घेतलेलं मी पाहिलं नाही," बाई म्हणाल्या. मग खण उघडून त्यांनी माझा अर्ज काढला आणि माझ्यापुढे ठेवला. मी तो घडी करून पर्समध्ये टाकला. तो कागद म्हणजे नुसता कागद नव्हता. पण जुडी हातात घेतल्याशिवाय गिऱ्हाईक थांबत नाही, आणि माझ्याकडे देण्यासारखी दुसरी जुडी नव्हती.

मग मुलगी आणि मी कामाला लागलो. पाठ्यपुस्तक बंद. कोंबडी, पिल्लू सगळं बंद. पहिल्या दिवशी मी तिला म्हटलं, "मी तुझ्यावर ओरडले. चूक माझी होती. आता तुला कुणीही खूश करायचं नाही. मला तर अजिबात नाही."

"मग काय करायचं?"

"फिचोर वाचायचं."

"फिचोर म्हणजे काय?"

"काहीच नाही."

ती इतकी हसली की तिला उचकी लागली. काहीच अर्थ नसलेलं वाचायचं म्हणजे चुकलं तरी कुणाचं काय बिघडत नाही, हे तिला एकदम पटलं. ताटात रवा पसरून त्यावर बोटाने अक्षर काढायचं, काढताना त्याचा आवाज तोंडाने करायचा. पुठ्ठ्याला एका अक्षराएवढी खिडकी कापून ती शब्दावरून सरकवायची, म्हणजे पुढची गर्दी दिसत नाही. आज पाच अक्षरं. उद्या तीच पाच. परवा पुन्हा तीच. मला सांगायला लाज नाही वाटत, मी कंटाळायची. ती कंटाळायची नाही. एकदा तिने स्वतःच शब्द बनवून मला वाचायला दिला. 'ढबुचका'. "हे आमचे बाजूवाले काका," म्हणाली.

गणपतीच्या दिवसांत मखराच्या कमानी काढायला शिपाईकाका आले आणि खोली अचानक मोठी वाटू लागली. तोवर तिची बावीस अक्षरं पक्की झाली होती. काना, वेलांटी यायला लागले. मग एक आठवडा सगळं गेलं. तसं होतं. काल येणारं आज जातं. त्या आठवड्यात मी दोनदा तोंड उघडलं आणि दोनदा उठून नळावर जाऊन पाणी प्यायले. तिच्या आईला मी दुसरं काम दिलं होतं. धडा वाचून दाखवायचा नाही, पोळ्या लाटताना नुसते आवाज तोडायचे. पोळी म्हटलं की पो आणि ळी. तवा म्हटलं की त आणि वा. ती मला एक दिवस फाटकावर भेटली आणि म्हणाली, "टीचर, माका आता झोपेत पण तसाच आयकूक येता. घो माझो म्हणता, तू काय खुळी झालंस?"

दिवाळीच्या सुट्टीचा आदला दिवस आला. शाळेत फराळाचा वास, वर्गांत कंदील. आम्ही तिघी ऑफिसात. बाईंनी इकडेतिकडे पाहिलं, टेबलावरच्या वर्तमानपत्रातून एक गुलाबी जाहिरात गळून पडली होती, ती उचलली आणि मुलीपुढे ठेवली. मी लांबून बघितलं. कीटकनाशकाची फवारणी करणाऱ्या कुणाचीतरी होती. बारीक अक्षर, मध्ये जोडाक्षरं. माझ्या मनात आलं ते इथे लिहिता येणार नाही.

"ही शेवटची ओळ," बाई म्हणाल्या. "आधी."

मुलीने खिशातून पुठ्ठ्याची खिडकी काढली. बाईंनी भुवई उंचावली, मी म्हटलं, "तुम्ही चष्मा लावता ना?"

"ढे," मुलगी म्हणाली. खिडकी सरकली. "कू. ण. ढेकूण." ती थांबली, मग एकदम वर बघून म्हणाली, "ढेकूण लिहिलंय?"

"पुढे," बाई म्हणाल्या.

"झु. र. ळ. झुरळ. व. उं... उंदी... उंदीर. यां. चा. यांचा. का. य. का. य. म..." इथे ती अडकली. दारात तिच्या आईचे ओठ हलायला लागले. मी तिच्याकडे असं बघितलं की ते थांबले. "कायमचा," मुलगी म्हणाली. "बं. दो. बं. दो. ब. स..." जोडाक्षर. ते आम्ही केलं होतं, पण मोजून चार वेळा. खिडकी मागे गेली, पुन्हा पुढे आली. "बस... त. बंदोबसत." तिने मान हलवली. "असं कुणी बोलत नाही. बंदोबस्त! बंदोबस्त आहे ते."

मग तिने स्वतःहून खिडकी पुन्हा ओळीच्या सुरुवातीला नेली आणि पूर्ण ओळ वाचली. "ढेकूण, झुरळ व उंदीर यांचा कायमचा बंदोबस्त." आणि लगेच म्हणाली, "आमच्याकडे पण आहेत बाई. उंदीर नाही. बाकी दोन्ही."

बाईंना हसू आलं. ते त्यांनी दाबलं, पण मी बघितलं.

"फार हळू वाचते," त्या म्हणाल्या.

"हळूच वाचणार. आणखी दोन वर्षं हळू वाचेल. पण हे पाठ नव्हतं."

"नव्हतं," त्या म्हणाल्या. मग खणातून दाखल्याचा कोरा अर्ज काढला. मुलीचं नाव त्यावर आधीच लिहून ठेवलेलं होतं. त्यांनी तो मला दिला नाही. मुलीच्या आईला दिला. आईने तो हातात घेतला, उलटा केला, सुलटा केला, आणि मग नीट चार तुकडे करून टेबलाखालच्या टोपलीत टाकले.

"रोजचा तास चालू ठेवा," बाई मला म्हणाल्या. "चौथी संपेपर्यंत."

"पाचवी."

"मॅडम!"

"पाचवीला परीक्षा असते. वेळ जास्त द्यावा लागेल, वाचून दाखवणारं माणूस लागेल, त्याचे कागद करावे लागतील. ते मी करून देते. तुम्ही सह्या करा. पाचवी."

त्यांनी हात जोडले. तो नमस्कार होता की पुरे करा, ते मी विचारलं नाही. 'पाचवी' असं त्यांनी माझ्यासमोर वहीत लिहिलं, तेवढं वाचूनच मी उठले.

मुलगी आणि तिची आई पुढे गेल्या. मी दारापाशी पोचले तेव्हा बाई मागून म्हणाल्या, "जूनमध्ये अर्ज येणार ना तुमचा?"

त्यांचा आवाज कसा होता ते मी आजवर ठरवू शकलेले नाही.

"येणार तर," मी म्हटलं. "या वर्षीचा पण राहिलाय. दोन्ही एकदम देईन."

जिन्याखाली आले तर मुलगी माझ्या खुर्चीत बसली होती. पुढ्यात पत्त्यांचा गठ्ठा. पहिलीतली एक नवी मुलगी त्या दिवशी माझ्याकडे पाठवलेली होती. ती भिंतीला चिकटून उभी होती, वर जिन्यावर सुट्टीची पळापळ चालली होती आणि लेझीम वाजत होत्या.

"घाबरू नकोस, वर रेडे चाललेत," माझी मुलगी तिला सांगत होती. "हे वाच. याचा अर्थ काहीच नाही, त्यामुळे चुकलं तरी चालतं."